दाबाचे शून्य

पृष्ठभागावर काटकोनात पडणाऱ्या बलाला त्याच्या क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो, ही व्याख्या शाळेतच पाठ होते. मोजणी मात्र व्याख्येइतकी सरळ नाही. कापडाची लांबी किंवा धान्याचे वजन मोजताना शून्य कोणते, हा प्रश्न कुणाला पडत नाही. दाबाच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न असतो. जमिनीवरची प्रत्येक वस्तू मुळातच हवेच्या दाबाखाली आहे. तो दाब हिशेबात धरायचा की सोडून द्यायचा, हे ठरल्याशिवाय मापकावरच्या आकड्याला अर्थ येत नाही.

बेळगावात गाडीच्या चाकात ‘तीस पौंड हवा’ भरली असे म्हणतात, तेव्हा चाकातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला ३० पौंडांनी जास्त असतो. बेळगावच्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे १३.४ पौंड असतो. म्हणजे आतला खरा, निर्वातापासून मोजलेला दाब ४३.४ पौंड झाला. हा निरपेक्ष दाब आणि तो ३० पौंडांचा गेज दाब. तीच गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला गेली, तर बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंडांवर येतो. चाकाचे तापमान तेवढेच राहिले, तर चाकातली हवा कुठेही न गळता मापकाचा काटा २८.७ च्या आसपास उतरतो. प्रत्यक्षात पणजीच्या उन्हात रबर तापते आणि दर सात अंशांमागे साधारण एक पौंड वाढतो, म्हणून हा फरक सहसा झाकला जातो.

दोन्ही शून्ये बरोबर आहेत. कुठले घ्यायचे हे कामावर ठरते. चाकाचे रबर, नळाचा पाइप, रक्तवाहिनीची भिंत या सगळ्यांना आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरकच सोसावा लागतो, म्हणून तिथे गेज दाब योग्य. पाणी किती अंशांवर उकळेल, हवा किती विरळ आहे, पंप विहिरीतून पाणी किती वर खेचेल, हे निरपेक्ष दाबावर ठरते. तिसरी तऱ्हा दोन ठिकाणांच्या दाबांतला फरक मोजण्याची. तिथे वातावरणाचा संबंधच उरत नाही.

एककांचाही गोंधळ आहे, तो एकदाच निस्तरून टाकलेला बरा. शास्त्रीय एकक पास्कल फार लहान आहे, म्हणून एक लाख पास्कलांचा एक बार धरतात. एक बार म्हणजे कारखान्यात ज्याला नुसते ‘किलो’ म्हणतात ते १.०२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, १४.५ पौंड प्रति चौरस इंच, ७५० मिलिमीटर पारा किंवा १०.२ मीटर पाणी. हवामान खाते हेक्टोपास्कल वापरते. एका बारात ते हजार असतात.

बेळगावचा पारा

हवेचा दाब मोजण्याचे पहिले साधन १६४३ साली इटलीत एव्हांजेलिस्ता तोरिचेल्लीच्या प्रयोगातून मिळाले. एक टोक बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर पारा थोडा खाली उतरून सुमारे ७६० मिलिमीटरवर थांबतो. वर उरलेल्या जागेत जवळजवळ काहीच नसते. भांड्यातल्या पाऱ्यावर रेटणारी हवा तो स्तंभ तोलून धरते. दाबाच्या एककाला ज्याचे नाव मिळाले त्या पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर अशी नळी घेऊन चढला. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे ८ सेंटिमीटर खाली होता. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते, हे त्या दिवशी मोजून सिद्ध झाले.

पेरिएने पाहिलेला फरक सीमाभागात मोटारीने काही तासांत पाहता येतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, निपाणी सुमारे ६०० मीटर. प्रमाण वातावरण धरले तर समुद्रकाठच्या १०१३ हेक्टोपास्कलच्या जागी निपाणीत सुमारे ९४३ आणि बेळगावात सुमारे ९२६ हेक्टोपास्कल भरतात. पाऱ्याच्या भाषेत ७६०, ७०७ आणि ६९५ मिलिमीटर. पाऱ्याचे पन्नास-पासष्ट मिलिमीटर वाचायला किरकोळ वाटतात, पण या प्रकरणातली बरीचशी उदाहरणे त्यांच्यावरच उभी आहेत. बेळगावात पाणी १०० ऐवजी साधारण ९७.५ अंशांवर उकळते, तेही याच कारणाने.

ओडिशावर १९९९ साली आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रातला दाब ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. बेळगावच्या एखाद्या स्वच्छ, शांत दिवसाचा आकडा त्याच्यापासून फार लांब नाही. असे आकडे जसेच्या तसे नकाशावर मांडले, तर प्रत्येक पठारावर कायमचे वादळ दिसेल. म्हणून हवामान केंद्रात वाचलेला दाब, ते ठिकाण समुद्रसपाटीला असते तर तिथे किती दाब भरला असता, अशा हिशेबाने वाढवून मगच नकाशावर घेतात. केंद्रावरचा दाब आणि समुद्रसपाटीला आणलेला दाब ही दोन वेगळी मापे आहेत. मोबाइलवर बेळगावसाठी १०१० च्या घरातला आकडा दिसतो तो दुसऱ्या प्रकारचा.

हा दाब दिवसभर स्थिरही नसतो. उष्ण कटिबंधात तो सकाळी व रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. फरक साधारण तीन-चार हेक्टोपास्कलचा. पाऱ्याऐवजी हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी वापरण्याची युक्ती ल्युसिअँ व्हिदी या फ्रेंच संशोधकाने १८४४ मध्ये काढली. घरच्या भिंतीवरचे घड्याळासारखे वायुभारमापक त्याच जातीचे. विमानातला उंचीमापकही मुळात तोच. बेळगावच्या सांबरा विमानतळाची उंची २,४८७ फूट आहे. वैमानिकाने उंचीमापक समुद्रसपाटीला आणलेल्या दाबावर लावला, तर धावपट्टीवर उभ्या विमानातला काटा २,४८७ फूट दाखवतो. विमानतळावरच्या प्रत्यक्ष दाबावर लावला, तर शून्य. लावताना एक हेक्टोपास्कल चुकला तर सुमारे नऊ मीटर उंची चुकते. धुक्यात उतरणाऱ्या विमानाला नऊ मीटर ही लहान चूक नव्हे.

खोली आणि स्तंभ

स्थिर द्रवात दाब खोलीप्रमाणे वाढतो आणि फक्त खोलीप्रमाणेच वाढतो. दर दहा मीटर पाण्यामागे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर १९७७ साली पुरे झालेले हिडकलचे राजा लखमगौडा धरण ६२.४८ मीटर उंच आहे आणि त्याच्या जलाशयात सुमारे ५१ टीएमसी, म्हणजे १४४ कोटी घनमीटर पाणी मावते. तिथे पन्नास मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पन्नास टन बल पडते. पाठीमागचे पाणी कितीही किलोमीटर पसरले असले, तरी त्याने या आकड्यात भर पडत नाही. पन्नास मीटर खोल अरुंद विहिरीच्या तळाशीही दाब तेवढाच भरतो. ही गोष्ट मनाला सहज पटत नाही. विस्तारामुळे एकूण पाणी वाढते, पण ते ज्याच्या त्याच्या खालच्या तळावर विसावलेले असते.

म्हणूनच नळयोजनेत दाब सरळ मीटरमध्ये सांगतात आणि त्याला ‘हेड’ म्हणतात. पावसाळ्यात बेळगावकर वर्तमानपत्रात राकसकोप आणि हिडकलची पातळी रोज वाचतात. राकसकोप जलाशय २,४७५ फुटांना भरतो, हिडकल २,१७५ फुटांना. शहराला दोन्हीकडून पाणी येते, पण दोन्ही तलाव काठोकाठ असले तरी हिडकलचे पाणी तीनशे फूट जास्त चढवावे लागते. तीनशे फूट म्हणजे ९१ मीटर, म्हणजे नऊ किलोंहून जास्त दाब. पाइपमधल्या घर्षणात जाणारा दाब याच्यावर वेगळा. दोन्ही पाण्यांच्या वीजबिलांत फरक पडतो तो याच दाबामुळे.

द्रवाच्या स्तंभाने दाब मोजण्याचे साधन म्हणजे मॅनोमीटर. इंग्रजी यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी किंवा पारा भरायचा, एक तोंड दाबाच्या जागेला जोडायचे, दुसरे उघडे ठेवायचे आणि दोन पातळ्यांमधले अंतर पट्टीने वाचायचे. दुसरे तोंड उघडे असल्याने वाचन गेज दाबाचे येते. तेही दुसऱ्या एखाद्या जागेला जोडले तर दोन जागांमधला फरक मिळतो. वरची जागा निर्वात करून ते बंद केले तर तोरिचेल्लीचीच नळी होते आणि वाचन निरपेक्ष दाबाचे येते. साधन एकच, शून्ये तीन. द्रव कोणता हे दाबावर ठरते. साखर कारखान्याच्या भट्टीत जाळ बाहेर फेकला जाऊ नये म्हणून आतला दाब बाहेरपेक्षा काही मिलिमीटर पाण्याइतकाच कमी ठेवतात. तो मोजायला पाण्याची तिरकी नळी लागते. तिरकसपणामुळे एक मिलिमीटर चढ पट्टीवर लांब पसरतो. मोठ्या दाबाला पारा बरा, कारण तो पाण्याच्या १३.६ पट जड आहे.

डॉक्टरांकडचे पाऱ्याचे बीपीयंत्र हाच मॅनोमीटर. शिपिओने रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टराने १८९६ मध्ये दंडाला गुंडाळायची फुगणारी पट्टी आणली. निकोलाय कोरोत्कॉव्हने १९०५ मध्ये पट्टीच्या खाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकायची पद्धत सांगितली. पट्टीतली हवा हळूहळू सोडताना ठोके पहिल्यांदा ऐकू येतात तो वरचा आकडा, ते नाहीसे होतात तो खालचा. १२०/८० हे पाऱ्याचे मिलिमीटर आहेत आणि तो गेज दाब आहे. शरीराबाहेरही तीच हवा आणि आतही तिचाच रेटा, त्यामुळे बेळगावला मोजा की मालवणला, उंचीची दुरुस्ती करावी लागत नाही.

एक दुरुस्ती मात्र हवीच, आणि तीच बऱ्याच ठिकाणी राहून जाते. रक्तही द्रवच आहे आणि त्याचाही स्तंभ असतो. दंड हृदयाच्या पातळीच्या दहा सेंटिमीटर खाली लोंबता ठेवला तर वाचन सुमारे आठ मिलिमीटर जास्त येते, वर धरला तर तेवढेच कमी. आठ मिलिमीटर म्हणजे गोळी सुरू करायची की नाही एवढ्या निर्णयाचा फरक. हात टेबलावर, दंड छातीच्या मध्याशी, एवढ्या काळजीने तो टळतो. पारा विषारी असल्याने २०१३ च्या मिनामाता करारानंतर अशी यंत्रे हळूहळू मागे पडत आहेत, तरी नव्या यंत्रांवरचा आकडा पाऱ्याच्याच मिलिमीटरमध्ये येतो.

वातावरणापेक्षा कमी

पंप पाणी ‘ओढतो’ असे सगळेच म्हणतात, पण द्रवाला ओढता येत नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावर बसलेली हवा पाणी वर ढकलते. त्यामुळे चढाची मर्यादा हवेच्या दाबाने ठरते: समुद्रकाठी १०.३ मीटर, बेळगावात सुमारे ९.४ मीटर. नळीतले घर्षण, फूटव्हॉल्व्हचा अडथळा आणि पाण्याची वाफ होण्याची ओढ वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. म्हणून उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की पंप कठड्यावरून आतल्या टप्प्यावर उतरवावा लागतो; नाहीतर पाणबुडी मोटार, जी पाण्यातच बसून खालून ढकलते. जास्त अश्वशक्तीची मोटार आणून ही मर्यादा ओलांडता येत नाही. पंपाच्या तोंडाशी दाब वाफेच्या दाबापर्यंत उतरला तर थंड पाणीही तिथे उकळू लागते, बुडबुडे फुटून खडखडाट होतो आणि पात्यांना खड्डे पडतात.

या भागाचा पंपांशी संबंध जुना आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९१० मध्ये त्यांनी कारखाना कुंडलजवळच्या माळावर हलवला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कारखान्यातून १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप बाहेर पडला. दूधगंगा-वेदगंगेच्या काठची उसाची शेती आज ज्या पंपांवर चालते त्यांच्या पाटीवर ‘हेड’ मीटरमध्ये छापलेले असते. ते तपासायला दोन मापके लागतात. बाहेर टाकणाऱ्या बाजूच्या मापकावर ३ किलो, म्हणजे ३० मीटर आणि खेचणाऱ्या बाजूच्या व्हॅक्यूम मापकावर २९४ मिलिमीटर पारा, म्हणजे ४ मीटर दिसले, तर पंपाचे काम ३४ मीटर झाले. मापके एकाच पातळीत आणि दोन्ही बाजूंचे पाइप सारख्या व्यासाचे हवेत. पुष्कळ जण नुसते पहिले मापक वाचतात आणि पंपाला चार मीटरांचे श्रेय नाकारतात.

व्हॅक्यूमचे माप किती फसवे ठरू शकते, हे साखर कारखान्यात दिसते. गुऱ्हाळात रस उघड्या काहिलीत उकळतो आणि गूळ उतरवेपर्यंत ११५ अंशांच्या पुढे जातो. पांढऱ्या साखरेला एवढी उष्णता चालत नाही. साखर करपते, रंग चढतो. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८१० च्या दशकात बंद भांड्यात हवा काढून पाक कमी उष्णतेवर उकळायची पद्धत आणली. निपाणीच्या हालसिद्धनाथ सहकारी कारखान्यापासून संकेश्वरच्या हिरा शुगरपर्यंत सगळीकडे व्हॅक्यूम पॅनचे तत्त्व हेच. पॅनमनसमोरचे मापक बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे ते सांगते. समजा त्यावर ६३५ मिलिमीटर आहे. समुद्रकाठच्या कारखान्यात याचा अर्थ आत ७६० वजा ६३५, म्हणजे १२५ मिलिमीटर निरपेक्ष दाब उरला. तेवढ्या दाबाला पाणी ५६ अंशांवर उकळते. निपाणीत ७०७ वजा ६३५ केले की ७२ उरतात आणि पाणी ४५ अंशांवरच उकळते. दाट पाकाचा उत्कलनबिंदू पाण्याच्या वर असतो, म्हणून पॅनमधले तापमान दोन्हीकडे आणखी जास्त भरेल, पण अकरा अंशांची तफावत कायम राहते. मापकावर आकडा तोच, आत परिस्थिती वेगळी. दुसऱ्या गावच्या कारखान्याचा आकडा उचलून आपल्या पॅनला लावू नये, हे इतके साधे गणित आहे. निरपेक्ष दाब दाखवणारे मापक बसवले तर प्रश्नच मिटतो.

यातूनच मापक तपासण्याची एक फुकटची रीत मिळते. अशा मापकाच्या तबकडीवर आकडे ७६० पर्यंत छापलेले असतात. निपाणीत काटा ७०७ च्या पुढे जाणेच शक्य नाही, कारण वजा करायला तेवढीच हवा आहे. तो ७२० वर दिसला तर पॅनचे कौतुक न करता मापक उतरवून तपासायला पाठवावे.

बूर्दोंची नळी

पाण्याचा किंवा पाऱ्याचा स्तंभ मोठ्या दाबाला निरुपयोगी. दोनशे बार मोजायला पाऱ्याची नळी दीडशे मीटर उंच लागेल. वाफेच्या इंजिनांच्या काळात ही अडचण ऐरणीवर आली आणि १८४९ मध्ये पॅरिसच्या युजीन बूर्दोंने तिच्यावर तोडगा काढला. चपट्या छेदाची धातूची नळी अर्धवर्तुळात वाकवून तिचे एक टोक बंद करायचे आणि दुसऱ्या टोकाने आत दाब सोडायचा. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की जशी उलगडते, तशी ही नळी किंचित सरळ होऊ पाहते. टोकाची ती दोन-चार मिलिमीटरची हालचाल दातेरी चकत्यांनी वाढवून काट्याला दिली की मापक तयार. नळीच्या बाहेर डबीत साधी हवा असते, म्हणून वाचन गेज दाबाचे.

बेळगावचे उद्यमबाग आणि मच्छे हे औद्योगिक भाग या मापकांचे मोठे गिऱ्हाईक आहेत. ओतकामाबरोबरच हायड्रॉलिक्सचे पंप, व्हॉल्व्ह आणि पॉवरपॅक बनवणारे कारखाने इथे वाढले. सुरेश हुंद्रे यांनी १९८१ मध्ये सुरू केलेली पॉलिहायड्रॉन हे त्यातले ठळक नाव. हायड्रॉलिक्समध्ये तेलाचा दाब शेकडो बारमध्ये असतो. शंभर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार सोडले की दट्ट्या सोळा टन रेटतो. इथे मापकाची चूक म्हणजे बलाची चूक.

दोन गोष्टी इथे जपाव्या लागतात. पहिली पल्ल्याची. अडीचशे बारवर चालणाऱ्या यंत्राला चारशेचे मापक लावतात, म्हणजे काटा मधल्या भागात राहतो आणि एखादा धक्का आला तरी नळी कायमची वाकत नाही. दुसरी अचूकतेची, आणि तिथे बहुतेकांचा गैरसमज असतो. मापकावर ‘१.०’ असा वर्ग लिहिला असेल तर चूक पूर्ण पल्ल्याच्या एक टक्का धरायची, वाचनाच्या नव्हे. चारशेच्या मापकावर ती चार बार. दोनशे पन्नासवर चार बार क्षम्य आहेत. त्याच मापकाने वीस बार मोजू गेले तर चूक पाचव्या हिश्शाची झाली. पंपाच्या प्रत्येक फेऱ्याला तेलात धडका बसतात आणि काटा थरथरतो. त्यावर उपाय म्हणून तबकडीची डबी ग्लिसरीनने भरतात आणि मापकाच्या तोंडाशी बारीक छिद्राचा अडसर बसवतात.

वाहते पाणी, वाहती हवा

गोकाकच्या धबधब्यात घटप्रभा ५२ मीटर खाली कोसळते. ते पाणी बंद पाइपमधून उतरवून खाली झडप बंद ठेवली तर झडपेपाशी ५.२ किलो दाब भरेल. मोकळ्या हवेत कोसळणाऱ्या पाण्यात मात्र गेज दाब शून्यच असतो. सगळी उंची वेगात खर्ची पडते. हवेचा विरोध सोडला तर तळाशी वेग सेकंदाला जवळजवळ ३२ मीटर होतो. हे पाणी कशावर तरी आदळून थांबले की वेगाचा पुन्हा दाब होतो. गोकाकच्या गिरणीसाठी १८८७ पासून याच शक्तीचा उपयोग होत आला.

म्हणून वाहत्या प्रवाहात तीन दाब वेगळे मोजतात. प्रवाहाला समांतर भिंतीत छिद्र पाडून वाचलेला स्थिर दाब. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत पाणी थांबवून मिळालेला एकूण दाब. आणि दोघांतला फरक, जो वेगामुळे येतो. आंरी पितोने १७३२ मध्ये पॅरिसला सेन नदीत काटकोनात वाकवलेली काचेची नळी बुडवून हे पहिल्यांदा मोजले. सेकंदाला दोन मीटर वेगाचे पाणी अशा नळीत वीस सेंटिमीटर चढते. सांबऱ्याला उतरणाऱ्या विमानाच्या नाकापाशी किंवा पंखाखाली जी लहान नळी पुढे रोखलेली दिसते ती पितोचीच. सेकंदाला ७० मीटर वेगाला तिच्यात सुमारे २७ हेक्टोपास्कलचा फरक येतो आणि वैमानिकासमोरचा वेगमापक तोच फरक वाचत असतो.

पाइप मध्येच निमुळता केला तर गळ्यात वेग वाढतो आणि स्थिर दाब पडतो. जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरीने १७९७ मध्ये मांडलेल्या या गोष्टीवरून क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने १८८७ मध्ये पाणी मोजायचे साधन केले. तीनशे मिलिमीटरचा पाइप दीडशेचा केला आणि आधी वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर दाब ७६ सेंटिमीटर पाण्याने पडतो. त्यावरून प्रवाह काढता येतो.

घरच्या नळाला ‘प्रेशर नाही’ ही तक्रारही याच सदरातली. नळ बंद असताना वाचलेला दाब आणि सगळी गल्ली पाणी भरत असताना वाचलेला दाब यांत मोठा फरक असतो, कारण वाहत्या पाण्याचा दाब पाइपच्या घर्षणात खर्च होतो. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा मार्गदर्शिकेत एकमजली घराला ७ मीटर, दुमजलीला १२ आणि तिमजलीला १७ मीटर किमान दाब सांगितला होता. तो वाहत्या पाण्याचा धरायचा. दिवसाआड पाणी सोडणाऱ्या वाहिनीत पाणी बंद झाले की दाब वातावरणाच्याही खाली जातो. कुणी नळाला थेट मोटार लावली तर आणखी. तेव्हा फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत शिरते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या घागरीत येते. जागतिक बँकेच्या साहाय्याने हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी इथे २००८ साली काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले. बेळगावात असे दहा प्रभाग होते. या योजनेचा खरा आरोग्यलाभ पाण्याच्या प्रमाणापेक्षा दाबाशी निगडित आहे. वाहिनीत दाब कायम असला की गळती झाली तरी पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही.

मापकाची परीक्षा

आता काट्यांची जागा संवेदक घेत आहेत. पातळ पडद्यावर दाब पडला की तो वाकतो, त्यावरच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि स्क्रीनवर आकडा उमटतो. शून्याचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. तलावाची पातळी मोजायला तळाशी संवेदक सोडतात, तेव्हा त्याच्या तारेतून एक बारीक हवेची नळी काठापर्यंत आणतात. पडद्याच्या मागच्या बाजूला बाहेरची हवा पोचली की वातावरणाचा दाब दोन्हीकडून सारखा पडतो आणि उरते ते निव्वळ पाणी. ही नळी नसेल किंवा तिच्यात ओल जाऊन ती चोंदली असेल, तर एक हेक्टोपास्कल म्हणजे एक सेंटिमीटर या हिशेबाने हवेतला रोजचा चढउतार पातळीत मिसळतो. मग तलाव सकाळी दहाला तीन-चार सेंटिमीटर भरतो आणि दुपारी चारला तेवढाच उतरतो, असे भासते.

कुठल्याही मापकाचे खरेखोटे शेवटी ठरवायचे ते दाबाच्या मूळ व्याख्येकडे जाऊन, बल भागिले क्षेत्रफळ. अचूक घासलेल्या उभ्या दट्ट्यावर वजने ठेवायची, खाली तेल भरायचे आणि वजने तेलावर तरंगत फिरू लागली की तेलातला दाब हिशेबाने कळतो. त्याच तेलाला जोडलेल्या मापकाचा काटा तिथे यायला हवा. वजनांवर बारचे आकडे कोरलेले असतात, पण ते गुरुत्वाकर्षणाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ धरून. बेळगाव विषुववृत्ताच्या बरेच जवळ आणि पठारावर असल्याने इथे गुरुत्व सुमारे ९.७८२ भरते, म्हणजे पाव टक्का कमी. दोनशे बार कोरलेली वजने मच्छेतल्या कारखान्यात प्रत्यक्षात १९९.५ बारच देतात. एक टक्क्याच्या मापकाला हा अर्धा बार दिसतही नाही. प्रयोगशाळेच्या प्रमाण मापकाला तो दिसतो, म्हणून तिथल्या दाखल्यावर स्थानिक गुरुत्वाचे मूल्य लिहावे लागते.